जाळीवरची पाटी

आता तुमीच सांगा, मोटारीनं नाकानं वारा घ्यायचा आन् तुमी तिच्या नाकावरच पाटी ठोकायची, मंग ती तापंल न्हाई तर काय करंल? ह्ये म्या चेअरमनसाहेबाला तोंड दुखूस्तवर सांगितलंतं. पण ऐकंल त्यो चेअरमन कसला!

गाडी आमच्या खरेदी-विक्री संघाची. अॅम्बेसेडर, जुन्यातली जुनी. संघानं घेतली तवाच ती वापरलेली व्हती, आन् सत्त्याऐंशीच्या दुष्काळापर्यंत तर तिची पार रया गेलती. सेल्फ कवा लागायचा, कवा न्हाई, म्हून एकदा चालू केली की बंद करायची हिंमत व्हायची न्हाई. मी गहिनीनाथ, तिचा ड्रायव्हर. तिचा बी आन् चेअरमन विठ्ठलरावाचा बी. दोघंबी तापट. फरक एवढाच की गाडी तापायच्या आधी वास येतो.

उन्हाळ्यात जुनी गाडी चालवायची म्हंजी त्याचं एक शास्तर असतंय. सकाळच्या थंडाव्यात रेडिएटर काठोकाठ भरायचा. बोरचं पाणी घालायचं न्हाई, ते आतून चुना धरतं. आडाचं फडक्यानं गाळून घालायचं. फॅनचा पट्टा बोटानं दाबून बघायचा. चढावर गाडीला रेटायचं न्हाई, खालच्या गिअरात तिच्या चालीनं चढू द्यायचं. आन् एवढं करून तापलीच, तर बोनेट उघडून गप बसायचं, बिडी वढायची, पण झाकणाला हात लावायचा न्हाई. ह्ये समदं खरं, पण पुढची जाळी मोकळी नसंल तर त्याचा काडीचा उपेग न्हाई. वारा आत गेला तर रेडिएटर गार व्हणार ना?

आन् आमच्या जाळीवर काय, तर लाल पत्र्याची पाटी. वर मोठ्या पांढऱ्या अक्षरात ‘अध्यक्ष’, खाली संघाचं नाव. संघाचं नाव लांबलचक, ‘तालुका’पासून सुरू व्हायचं ते ‘मर्यादित’ला संपायचं, म्हून पाटीबी ह्या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत. नटबोल्ट मारून बसवली म्याच. हुकूम झाला तर काय करता? नंतर म्हणलं, साहेब, निदान उन्हाळ्यापुरती तरी काढू. तर म्हणले, “गह्या, पाटी काढली तर ह्या डबड्याला वळखणार कोण बे?”

बरं, त्या सालाचं सांगतो. पाऊस रुसून लई दिस झालते. धारूरच्या डोंगरात आमची कोरडवाहू जमीन, तिच्यात कुसळबी उगवलं न्हवतं. अर्धं गाव ऊसतोडीला खाली गेलं ते परत आलंच न्हाई, कारण येऊन खायचं काय? माझ्या दावणीला एक जोडी, हरण्या आन् पाखऱ्या. दोघंबी घरच्याच गायीचे. हरण्याला तर माझ्या बायकोनं, बायनाबाईनं, वासरू असताना बोटं चोखवून दूध प्यायला शिकवलंतं. कडबा सरला. मंग छपराचं पाचट काढून घातलं. छपराचे वासे उघडे पडले तवा पाचटबी सरलं. बैलांच्या फासळ्या मोजून घ्याव्यात अशी गत झालती.

तवा एकच आशा व्हती, छावणी. संघानं धारूरला गुरांची छावणी मागितलीती. सरकारनं चारा द्यायचा, पाण्याचा टँकर द्यायचा, संघानं गुरं सांभाळायची. मंजुरी बीडच्या कचेरीत अडकून पडलीती. आज व्हतंय, उद्या व्हतंय, असं चाललंतं.

बाजाराच्या आदल्या दिवशी बायनाबाई मला म्हणाली, “उद्या मी जोडी बाजारात नेते.”

म्या म्हणलं, “उद्याच साहेब बीडला चाललेत, मंजुरीच्या मागं.”

“आसं कितीदा गेले? हेडी काय रोज येत न्हाईत. पुढच्या बाजारापर्यंत ही दोघं उभी राहायची न्हाईत, आन् पडलेल्या जनावराला हेडीबी हात लावत न्हाई.” हेडी म्हंजी गुरांचे दलाल. त्या साली बैल नांगराला कोण घेणार? ट्रकात घालून खाली न्यायचे, कापायला. तिलाबी ठावं व्हतं, मलाबी. मंग म्हणाली, “उनं कलंपर्यंत मी दावं सोडत न्हाई. तवर या मंजुरी घेऊन. आलात तर जोडी सरळ छावणीत बांधू. न्हाई आलात तर मी देऊन टाकीन. मंग मला बोल लावू नका.”

म्या म्हणलं, “येतो.”

सकाळी गाडीत बसतानाच साहेबाच्या कानावर घातलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठिवला आन् म्हणले, “गह्या, आज मंजुरी घेतल्याबिगर बीड सोडायचं न्हाई. तुजी जोडी आपल्या छावणीत पहिली बांधू.” माणूस वाईट न्हवता बरं का. शिव्या द्यायचा, पण दुसऱ्याचं दुःख त्याला कळायचं.

जाताना उतार आन् थंडावा, गाडी तक्रार न करता गेली. बीडला कचेरीच्या आवारात लिंबाखाली गाडी लावली. संघाचे आणखी चारदोन मेंबर एसटीनं आलते. आत काय चाललंय काय ठावं! मी आपला सावली सरकंल तसा सरकत बसलो. जीव नुसता टांगणीला लागलाता. शेवटी साहेब बाहेर आले. घामानं सदरा अंगाला चिकटलाता, पण तोंड फुललंतं. “झालं बे!” म्हणले. “उद्यापासून छावणी. चारा निघाला, टँकर निघाला. सही-शिक्क्यासकट!”

खरं सांगतो, मला रडू आलं. तोंड फिरवून रेडिएटरमंदी पाणी घातल्यासारखं केलं. मंग संगं आणलेल्या डब्यातलं समदं पाणी खरंच घातलं, गाडी हँडल मारून चालू केली आन् म्हणलं, साहेब, बसा. ऊन अजून डोक्यावर व्हतं. सरळ गेलो असतो तर येळ हाताशी राहून पोचलो असतो.

पण सरळ जाणार कसं? मेंबर लोकं आमच्या आधीच्या एसटीनं निघून गेलेते, आन् जाता-जाता प्रत्येक फाट्यावर सांगत गेलेते की छावणी मंजूर झाली, साहेब मागून येऊ लागलेत. मंग काय इचारता! आमच्या संघाच्या हद्दीत शिरलो न् शिरलो तर पहिल्याच फाट्यावर रस्त्यात माणसं आडवी. हलगी चालू. नारळ, शाल, टोपी. दुष्काळात फुलं कुठली आलीत, चमकीच्या कागदाचे हार. एक साहेबाच्या गळ्यात, एक गाडीच्या तोंडावर, पाटीच्याबी वरून. मंग साहेबांनी दोन शब्द बोलावेत असा आग्रह. दोन शब्द म्हंजी किती, ते तुमाला ठावं हाय.

आन् मी गाडीत बसून, इंजन चालू ठिवून. बंद करावी तर तापलेलं इंजन हँडलनंबी लागायची खात्री न्हाई. उभी गाडी, चालू इंजन, वर आग ओकणारं ऊन, पुढं पाटी आन् पाटीवर हार. तुमाला सांगतो, त्यापरीस गाडीला विष पाजलेलं बरं.

एका म्हाताऱ्याला म्हणलं, “बाबा, जरा डबाभर पाणी मिळंल का गाडीला?”

त्यो हसला. म्हणला, “डायवरसाहेब, नारळ मागा, शाल मागा. पाणी मागू नका.”

पुढच्या गावात तेच. त्याच्या पुढच्या गावात तेच. दुकानदारांनी जत्रेचे राहिलेले नारळ बाहेर काढलेले, आन् कमी कुठंच न्हाई. दिकी नारळांनी भरली. मी आरशातून साहेबाकडं बघायचो. म्हणलं, “साहेब, सावल्या लांबाया लागल्या. माझी जोडी...”

“ठावं हाय रे बाबा,” ते म्हणले. “पण एका गावाचा हार घेतला आन् दुसऱ्याचा टाळला, तर जल्मभर बोलून दाखवतील. इलेक्शन जवळ आलंय. ह्येच लोकं हाईत आपले.”

त्याचंबी खोटं न्हवतं. आपल्याकडं मानापानावरून सोयरीक मोडती, संघ मोडायला काय येळ लागतो? पण मला त्या येळंला ते काय पटलं न्हाई. मनातल्या मनात म्या त्या समद्या गावांना नको-नको ते बोललो.

तेलगावला तर कळसच. तिथं मांडवच घातलाता. खुर्च्या, चहा, फोटोवाला. साहेबाला गाडीतून उचलूनच नेलं. मी हॉटेलवाल्याकडं गेलो, हात जोडले, तवा त्यानं तांब्याभर पाणी दिलं, तेबी भांडी धुतलेलं. ते गाळून डब्यात घेतलं. परत आलो तर पोरांनी गाडीच्या तोंडावर आणखी हार घातलेले. जाळीचं एक भोक दिसंना. काढाया लागलो तर एक जण अंगावर आला, “ए, आमच्या गावचा हार काढतो व्हय बे?” म्हणलं, राहू दे बाबा. थकलो व्हतो. भांडायला तरी अंगात जीव पाहिजे का न्हाई?

साहेब निघाले तवा ऊन तिरपं झालंतं. आता घाट. तेलगाव सोडलं की धारूरचा घाट लागतो, आन् तिथंच गाडीची परीक्षा असती. पहिला चढ कण्हत-कण्हत चढली. मंग वास आला. गरम लोखंडाचा, जळक्या रबराचा वास. म्या खालचा गिअर टाकला, मनातल्या मनात तिला गोंजारलं, चल गं माय, एवढा घाट काढ. वळणावर बोनेटच्या फटीतून वाफ निघाली आन् गाडी धापा टाकत जागच्या जागी थांबली.

“कावून थांबवली बे?” साहेब मागून वरडले.

“म्या न्हाई थांबवली,” म्या म्हणलं. “तुमी थांबवली. फाट्याफाट्यावर थांबवली ना, तवाच ती मेली व्हती.”

आन् मंग माझा तोल सुटला. इतक्या वर्षांत चेअरमनपुढं आवाज चढवला न्हवता. “ही पाटी बघा, हे हार बघा! तोंडात बोळा कोंबून माणूस पळंल का? तुमाला हार पाहिजे, त्यांनला फोटो पाहिजे. तिकडं माझी बायको दावं धरून उभी हाय. तिला काय सांगू मी, तेलगावला चहा चालला व्हता म्हणून सांगू?”

मला वाटलं, आता कानाखाली बसती. पण साहेब गाडीतून उतरले, पुढं आले, वाफंकडं बघत उभे राहिले. त्यांचं तोंड एकदम उतरलं. “मी इसरलो रे,” म्हणले. “बोलता-बोलता साफ इसरलो.” मंग हार ओरबाडून दरीत फेकले आन् हात पुढं केला. “पाना दे.”

“मी काढतो साहेब.”

“पाना दे म्हणलं ना!”

पांढऱ्या धोतरानिशी ते रस्त्यात गुडघ्यावर बसले. नट गंजलेले, पत्रा चटके देणारा. शिव्या हासडत, बोटं भाजून घेत त्यांनी एक-एक नट काढला आन् पाटी वडून कठड्याला टेकवून ठिवली. बरीच मोठी दिसत व्हती खाली ठिवल्यावर. आमी दोघंबी तिच्याकडं बघत बसलो. एखादी गाडी वर जाताना दिसंल म्हणून वाट बघितली, पण सगळा बाजारचा लोंढा खाली उतरून गेलता, वर कोण जाणार? पायी निघावं तर दिवस मावळला असता. इंजन गार व्हायची वाट बघण्याबिगर इलाज न्हवता.

मी तुमाला मघा शास्तर सांगितलं ना? झाकणाला हात लावायचा न्हाई म्हून? त्या दिवशी ते समदं माझंच इसरून गेलं. सावली त्या दगडावरून ह्या दगडावर आली, मला दम निघंना. टॉवेल गुंडाळला आन् झाकण फिरवलं. भस्सकन उकळतं पाणी उसळलं, कोपरापर्यंत हात भाजला. वर रेडिएटरात राहिलं साहिलं पाणीबी रस्त्यावर गेलं. तांब्याभर पाणी डब्यात व्हतं, ते थोड्या येळानं इंजन चालू ठिवून घातलं असतं तरी भागलं असतं. आता त्यानं काय व्हणार? म्या कठड्यावर बसलो आन् कपाळ बडवून घेतलं.

साहेबांनी माझ्या हातावर शाल बांधली. मंग एकदम म्हणले, “दिकीत नारळ हाईत की बे!”

“नारळाचं काय करता?”

“पाणीच असतंय ना त्यात?”

असलं कुणी कवा ऐकलंय? इंजनाला शहाळं पाजायचं! नारळाच्या पाण्यात साखर असती, ती आत चिकटणार, नळ्या जाम व्हणार, ह्ये मला कळत व्हतं. पण त्या येळंला गाडी पुढच्या वर्षी टिकंल का न्हाई ह्याची कुणाला पडलीती? इंजन हाताला सोसंल एवढं गार व्हईस्तवर थांबलो आन् मंग कठड्याच्या दगडावर नारळ फोडाया बसलो. चेअरमन नारळ फोडायचे, मी डब्यावर सत्काराची दुसरी शाल गाळणीसारखी धरायचो. जुने नारळ, काहीत घोटभर पाणी, काही पार सुके. साहेबाच्या धोतरावर, माझ्या तोंडावर पाणी उडत व्हतं आन् आमी येड्यावानी फोडत व्हतो. दिकी रिकामी झाली. डबा भरत आला.

रेडिएटरमंदी घातलं. हँडल मारलं. भाजलेल्या हातानं लागंना, तवा साहेबांनी मारलं. इंजन खाकरलं आन् लागलं. बोनेट पुरतं लावलं न्हाई, फट ठिवून टॉवेलानं बांधलं, म्हंजी वारा दोन्हीकडनं खेळंल. पाटी तिथंच कठड्याला टेकून राहिली. गाडी चढाया लागली. जाळी मोकळी व्हती, समोरून वारा घुसत व्हता. पहिल्या वळणावर मी श्वास धरून बसलो, दुसऱ्या वळणावर वास आला न्हाई, मंग धीर आला. साहेब मागं न बसता पुढं माझ्याशेजारी बसलेते.

वर आलो तवा उनं पार कलून गेलीती. गाडी सरळ बाजाराच्या माळावर घातली. बाजार मोडला व्हता. शेण, धूळ, फाटक्या पत्रावळ्या. टोपल्या डोक्यावर घेऊन बाया चाललेल्या. गुरांच्या बाजूला कुणी न्हाई. एका बाभळीखाली बायनाबाई बसलीती. एकटी. मांडीवर दोन दावी, नीट गुंडाळून ठेवलेली. आपल्याकडं जनावर इकलं तरी दावं देत न्हाईत, दावं घरी आणतात. त्यामुळं मला काय इचारायची गरज पडली न्हाई.

तरीबी म्या साहेबाकडनं घेतलेला मंजुरीचा कागद पुढं धरला. म्हणलं, “मंजुरी झाली. उद्यापासून छावणी.”

तिनं कागदाकडं बघितलं न्हाई. माझ्या हातावरच्या शालीकडं बघितलं. “भाजलं व्हय?” म्हणाली.

“गाडी तापली घाटात. लई उशीर झाला. तू... उनं कलल्यावर लगेच दिली का?”

“न्हाई,” ती म्हणाली. “उनं कलली तरी मी दावं धरून बसले. हेडी येऊन-येऊन गेला. मी म्हणलं, आमचे मालक येत्याल, मंजुरी आणत्याल. सगळे हसले. मी म्हणलं, हसा.”

“मंग?”

“त्याच्या ट्रकात पाण्याचं पिंप व्हतं. त्यानं घमेलं भरून खाली ठिवलं. बाजाराचा हौद कोरडा, अहो. सकाळपासून त्यांच्या पोटात थेंब न्हाई. हरण्यानं वास घेतला आन् मला ओढतच नेलं. दोघांनी तोंडं घातली. पीत व्हते, पीत व्हते... मी दावं ओढायला हात उचलला, पण ओढू कशी? तुमीच सांगा, पीत असताना ओढू कशी? इथून नेऊन घरी तरी काय पाजणार व्हते मी? म्हणलं, मरायचंच असंल तर तहानेनं नका मरू बाबांनो. पोटभर पिऊन जा.”

भाजलेल्या हातापरीस जास्त काहीतरी आत भाजत व्हतं. राग येत व्हता, पण कुणाचा राग धरावा, हेड्याचा, चेअरमनचा, त्या हारवाल्यांचा, का माझा, ते कळंना. साहेब मागं येऊन उभे राहिलेते. त्यांनी समदं ऐकलं असावं. टोपी काढून हातात धरली आन् म्हणले, “बायनाबाई, माझ्यामुळं...”

बायनाबाई उठली. पदर सारखा केला. साहेबावर तिचा राग न्हवता, निदान आवाजात तरी न्हवता. “आता कशाला ते, साहेब,” ती म्हणाली. “उद्या छावणी उघडंल तवा एक करा. पहिली जागा आमच्या जोडीला देतो म्हणालते ना, ती रिकामी ठिवू नका. दुसऱ्या कुणाची तरी बांधा.”

दोन्ही दावी खांद्यावर टाकून ती घराच्या वाटंला लागली. मी तिच्या मागं गेलो न्हाई. तिच्या बरोबरीनं चालायचं बळ माझ्यात उरलं न्हवतं.